जाऊबाईंचा सर्व्हर

माझ्या मोठ्या जाऊबाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. त्या आवाज चढवत नाहीत, हीच तर खरी अडचण. समोरचा तावातावाने बोलून दमला की त्या चष्मा पुसतात आणि आपल्या पहिल्याच वाक्यावर परत येतात. त्यांचा धंदाही तसाच. आमच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत, त्या लोकांचे कपडे उसवून नीट करून देतात. गिऱ्हाईक येतं, कोट खांद्यात ओढतो म्हणून सांगतं. जाऊबाई त्याला आरशासमोर उभं करतात, हात वर करायला लावतात, वाकायला लावतात आणि मगच कात्री हातात घेतात. एका वेळी एकच शिवण उसवायची, ती तपासायची, मग दुसरी. दोन शिवणी एकदम उसवल्या तर चूक कशात होती ते देवालाही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्याच खोलीत शिलाई मशीनशेजारी एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र घुर्र करत असतो. माझे मोठे दीर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दादा, छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथून भंगारात निघालेलं एक यंत्र त्यांनी घरी आणलं, त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली आणि घरचा सर्व्हर केला. अख्ख्या कुटुंबाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, सगळं त्यात. जाऊबाईंनाही त्यांनी शिकवलं. दोघं संध्याकाळी त्या काळ्या पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसायची, दादा आज्ञा सांगायचे, जाऊबाई टाइप करायच्या आणि चुकलं की एकमेकांवर ढकलायची. मी खालच्या मजल्यावरून चहाला बोलवायला गेले की मनात म्हणायचे, यांना दुसरे उद्योग नाहीत.

मग दादांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. नुसता आवाज गेला असता तर लिहून सांगता आलं असतं, पण दादांचे शब्दच गेले. पेन हातात दिलं तरी ते कागदावर टेकून नुसतं थरथरायचं. समजायचं मात्र सगळं. चित्र दाखवलं की डाव्या हाताचं बोट बरोबर त्याच्यावर जायचं. तेव्हा जाऊबाईंनी त्या सर्व्हरवर एक पान तयार केलं. पानावर चित्रं: पाणी, पलंग, खिडकी, जिना, घर, मी, चालणे, हो, नको, आता, नंतर, आणि अशीच आणखी काही. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो. शब्द जाऊबाईंनीच बोलून भरले होते, कारण तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे दादा पाणी मागायचे ते बायकोच्या आवाजात. एकदा हॉस्पिटलमध्ये चिडून त्यांनी "गप्प बस" दाबलं, आणि जाऊबाईंना त्यांच्याच आवाजाने दटावलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादाही हसले, अर्ध्या तोंडाने.

हॉस्पिटलमधून दादांना पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथे त्यांना केंद्राचा एक टॅब्लेट मिळाला. त्यात बाहेरचं काही भरायची परवानगी नव्हती, पण इंटरनेटवरचं पान उघडायला हरकत नव्हती. म्हणजे जाऊबाईंचं पान चाललं असतं. पण ते उघडेचना. पांढरा पडदा, मध्ये गोल फिरणारं चक्र, आणि थोड्या वेळाने "जोडणी होऊ शकत नाही". दादा बोट लावून लावून थकले आणि त्यांनी टॅब्लेट उशीखाली सारला. त्यानंतर त्यांनी कुणाकडे बघणंच सोडलं.

केंद्रातल्या लोकांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना दिसला तो एक माणूस, जो मान हलवत नाही, व्यायामाला उठवलं तर अंग टाकून देतो. डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना सांगितलं की बुधवारी बैठक घेऊ आणि पुढचं ठरवू. रुग्णाची स्वतःची इच्छा दिसत नसेल तर कठीण व्यायाम त्यांच्यावर लादता येत नाहीत. मग दोनच वाटा उरतात: घरी न्यायचं, नाहीतर शहराबाहेरच्या, कायमच्या सांभाळाच्या ठिकाणी पाठवायचं.

जाऊबाईंनी घरी न्यायचं ठरवूनही टाकलं. कपड्यांचे गठ्ठे मागच्या खोलीत गेले, पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. चार माणसं धरून खुर्चीतून वर आणू, म्हणाल्या. पण डॉक्टरीणबाईंसमोर हे आपण नाही, दादांनीच सांगायचं, याबद्दल त्या ठाम होत्या. "चाळीस वर्षं ह्यांच्या वतीने मी एक वाक्य बोलले नाही," त्या मला म्हणाल्या, "आता काय म्हणून बोलू?" मी म्हटलं, पान नाही उघडलं तर बोलावंच लागेल. त्यांनी चष्मा पुसला. "उघडेल."

आणि त्यांनी चंगच बांधला.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. माझा नवरा मदत करणारा माणूस आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्याने पहिल्याच दिवशी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं, लाइन चालू दिसतेय, यंत्र बंद करून परत चालू करा. त्याने केलं. काही फरक नाही. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा बंद, पुन्हा चालू. जाऊबाईंनी शेवटी हात जोडले. "भाऊजी, आजारी माणसाला सारखं झोपेतून उठवून तो बरा होतो का?" नवरा हिरमुसला आणि खाली येऊन माझं डोकं खात बसला.

जाऊबाईंनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. आधी घरातच बसून फोनवर ते पान उघडलं. झटक्यात उघडलं. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पान ठीक आहे. मग सर्व्हरवरून बाहेरच्या एका ठिकाणाला हाक मारून बघितली. लगेच ओ आली. म्हणजे घरातून बाहेर जाता येतंय. "मग केंद्राचंच वायफाय खराब असणार," मी म्हटलं. मला त्यातलं काडीचं कळत नाही, पण दोष द्यायला कळावं लागत नाही.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि मला फोन घेऊन जिन्यात उभं केलं. घरचं वायफाय बंद करायचं आणि मोबाइलच्या नेटवरून ते पान उघडायचं. मी उघडलं. पांढरा पडदा, गोल चक्र, "जोडणी होऊ शकत नाही". केंद्रापासून कितीतरी लांब, त्यांच्याच दाराबाहेर उभं राहूनसुद्धा तेच. मला वाटलं त्या खचतील. पण त्यांचा चेहरा खुलला. केंद्राचा संबंध नाही, एक शिवण तपासून झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला परत जिन्यात उभं केलं. शेजारीण भाजीची पिशवी घेऊन वर चढत होती, तिने विचारलं, घराबाहेर काढलं का गं? मी म्हटलं, थोड्या वेळापुरतं. आत जाऊबाईंनी सर्व्हरवर पाळत बसवली होती. अशी एक आज्ञा असते म्हणे, की दारात जो कुणी येतो आणि दारातून जो कुणी जातो त्याची ओळ पडद्यावर उमटते. त्या आतून म्हणायच्या, आता. मी पान उघडायचे. त्या गप्प. परत म्हणायच्या, आता. मी परत. शेवटी पाय दुखायला लागले म्हणून मी आत गेले, तर त्या पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"तू दार वाजवतेस ते इथपर्यंत येतंय," त्या म्हणाल्या. "दर वेळी येतंय. आणि दर वेळी हा तुला उत्तरही देत असणार, कारण घरातल्या फोनला देतो. पण या दारातून उत्तर बाहेर पडताना दिसत नाही."

"मग जातं कुठे?"

"तेच शोधायचंय."

खरं सांगते, मला त्या क्षणी दादाच आठवले. दादांचंही असंच होतं की. आपण विचारलेलं आत पोचतं, आत उत्तर तयार होतं आणि मग ते कुठे जातं कुणास ठाऊक. जाऊबाईंनाही ते सुचलं असणार, पण त्या आज्ञा टाइप करत होत्या.

सर्व्हरला बाहेरचे रस्ते कुठले माहीत आहेत, त्याची यादी त्यांनी पडद्यावर आणली. मोजक्या ओळी होत्या. त्यांनी बोट ठेवून वाचल्या आणि एका ओळीवर बोट थांबलं. मग त्या उठल्या, कॉम्प्युटरच्या मागे वाकल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीतून एक करडी वायर आत आली होती. ती आमच्या घरातून येत होती.

ही वायर माझ्या नवऱ्याची करामत. दादांना केंद्रात हलवलं त्याच दिवशी त्याने ती टाकली होती. आमच्या सासूबाई माझ्याकडे असतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही, केंद्रात जाणं दूरच. मुलगा दिसत नाही म्हणून त्या जेवेनात. तेव्हा नवऱ्याने आमच्या घरच्या इंटरनेटच्या डब्यातून वायर काढली, खिडकीबाहेरून वर नेली आणि दादांच्या सर्व्हरला जोडली. आता सासूबाई दिवसभर आमच्या टीव्हीवर दादांचे जुने व्हिडिओ बघतात. दादा पोहतायत, दादा पतंगाचा गुंता सोडवतायत, दादा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बडबडतायत. सगळ्यांनी नवऱ्याची पाठ थोपटली होती. मीसुद्धा.

पण त्या वायरीने सर्व्हरला बाहेर पडायचा दुसरा रस्ताही मिळाला होता. आणि तो बापडा तोच रस्ता पहिला धरत होता. जाऊबाईंनी मला समजेल असं सांगितलं: कुणीतरी आमच्या दारावर येऊन हाक मारतं, आणि आम्ही उत्तर देतो ते तुमच्या घराच्या खिडकीतून, पलीकडच्या गल्लीत. हाक मारणारा आमच्या दारासमोर ताटकळत उभा. घरातल्या घरात विचारलं तर बाहेर पडायचा प्रश्नच येत नाही, म्हणून घरात सगळं ठीक.

मी वायर उपटायलाच निघाले होते. जाऊबाईंनी मनगट धरलं. "आई बघतायत ना खाली?" त्यांनी वायर तशीच ठेवली आणि एक आज्ञा देऊन रस्त्यांचा क्रम बदलला: आधी आपलं दार, मग तुमची खिडकी. मला जिन्यात पिटाळलं. मी पान उघडलं आणि चित्रं दिसली. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं, तर जिन्यात जाऊबाईंचा आवाज घुमला, "पाणी". आतून खऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "चला."

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. अशी आज्ञा यंत्राच्या फक्त ध्यानात राहते. यंत्र बंद होऊन चालू झालं की विसरतं. कायमचं करायचं तर ते वेगळं लिहून ठेवावं लागतं. जाऊबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण त्यांची शिस्त आड आली. त्या कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्याने शिवतात, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतात आणि बसला तरच पक्की शिलाई मारतात. गिऱ्हाईक इथे दादा होते. बुधवारी त्यांनी पान वापरून बघितलं, की संध्याकाळी पक्कं करू. आणि दुसरं म्हणजे, हे सगळं वायरीमुळे झालं हे भाऊजींना सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. आईसाठी जीव तोडून केलेलं काम, उगाच मन दुखावेल. मी तोंडाला कुलूप लावलं. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे मला कसं जमलं, माझं मला माहीत.

बुधवारी सकाळी नवऱ्याने जाऊबाईंना केंद्रात सोडायचं ठरलं. त्या खाली उतरल्या, आणि हा म्हणाला, चष्मा विसरलो, आलोच. चष्मा कुठला! हा आमच्याकडच्या किल्लीने वर जाऊबाईंच्या घरी गेला आणि दादांची बैठक आहे, सर्व्हर अगदी ताजातवाना असावा म्हणून त्याने तो बंद करून परत चालू केला. कंपनीच्या माणसाने इतक्यांदा सांगितलेलं, त्याला ते पटलंच होतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सासूबाईंना चहा देत होते, तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, फक्त थोडा हळू. "वर जा. पान उघडत नाहीये. सगळे बसलेत." मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई सौम्यपणे म्हणत होत्या की हरकत नाही, यांच्या वतीने तुम्हीच सांगा. आणि जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "थोडं थांबा. ते स्वतः सांगतील."

मी चप्पल न घालता वर पळाले. कॉम्प्युटर सुरू होता. मी म्हटलं, हा सुरू आहे. मग पलीकडून माझ्या नवऱ्याचा पडेल आवाज आला, की वहिनी, मी सकाळी जरा बंद करून चालू केला होता. जाऊबाईंनी मला आज्ञा सांगायला सुरुवात केली, पण मी दोनदा टाइप केलं ते दोन्ही वेळा चुकलं.

"वायर उपटू का?" मी विचारलं.

"उपट."

मी मागे हात घातला आणि करडी वायर ओढून काढली. खालच्या मजल्यावरून सासूबाईंची हाक आली, अगं, दादा गेला बघ टीव्हीवरून. मी ओ दिली नाही. फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. मग जाऊबाईंचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश. "घर."

मी डोळे मिटले. झालं, म्हटलं, जिंकलं. पलंग वाट बघतोय खिडकीशी. पलीकडे माझा नवरा नाक ओढत होता.

पुन्हा जाऊबाईंचा आवाज. "नको."

मला वाटलं, या स्वतःच बोलल्या. मग लक्षात आलं, ते दादांनी दाबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी जायचं नाहीये का? थोडा वेळ गेला. लुळ्या माणसाचं बोट चित्र शोधत असणार. "आता. नको." मग "जिना." मग "मी". मग "चालणे". आणि मग, सगळ्यात शेवटी, "घर".

कुणाला उलगडून सांगायची गरज पडली नाही. कुणाच्या खांद्यावरून, खुर्चीत बसून त्यांना वर यायचं नव्हतं. आधी पाय, मग घर. आणि त्यासाठी ते कठीण व्यायाम करायला ते तयार होते. जाऊबाईंनी इतके दिवस ज्याच्यासाठी घर मोकळं केलं, त्याने सगळ्यांसमक्ष त्यांचा बेत मोडून काढला. फोनमधून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग खऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "लिहून घ्या, बाई. त्यांनी सांगितलंय."

संध्याकाळी त्या घरी आल्या. चहा घ्यायला थांबल्या नाहीत. आधी सर्व्हरसमोर बसून रस्त्यांचा तो क्रम कायमचा लिहून ठेवला, स्वतःच्या हाताने करडी वायर परत लावली आणि मग यंत्र मुद्दाम बंद करून चालू केलं, विसरलं नाही हे बघितलं. खाली टीव्ही सुरू झाला. माझा नवरा दारात अपराध्यासारखा उभा होता, त्याला म्हणाल्या, भाऊजी, पलंग जरा भिंतीला सरकवा, मला कापायला जागा हवी. आणि मग पलंगावर बसून रडल्या. "माझ्याच आवाजात मला नाही म्हणाले गं," त्या म्हणाल्या. रडता रडता हसू येत होतं, आणि मी मात्र नुसतीच रडत होते.

डोळे पुसून त्यांनी आवाज भरायला फोन घेतला. दादांना उद्यापासून जिन्याचा सराव होता आणि त्या सरावात लागणारे शब्द पानावर नव्हते. आम्हा दोघांना त्यांनी गप्प राहायला सांगितलं. "दुखतंय" एका दमात भरलं. "थांबा" भरलं. "अजून एक पायरी" म्हणताना आवाज फाटला. त्यांनी ते पुसलं, घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा म्हणाल्या. तेही पुसलं. तिसऱ्या वेळी ते नीट आलं, कोटाचं माप सांगावं इतक्या सरळ आवाजात, आणि त्यांनी ते पानावर चढवलं.